एंगेलबर्टच्या वहीतलं एक पान

एंगेलबर्टच्या वह्या टाइप करून द्यायला मी हो म्हटलं, तिथंच चुकलं. पण आमच्या या तिरोलच्या खोऱ्यात दुसरं होतं तरी कोण? तो लिहायचा जुन्या लिपीत, आमच्या शाळेतल्या. आताच्या पोरांना ती दाखवली तर विचारतात, आजी, हे कोंबडीनं उकरलंय का? मी पस्तीस वर्षं गावच्या कचेरीत टायपिस्ट होते, त्यामुळे ते गाठोडं माझ्याच गळ्यात आलं. त्याचे स्वतःचे डोळे काचबिंदूनं गेलेले.

"बुर्गी, एक शब्द बदलायचा नाही," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांनी आपापल्या लढाया लिहिल्या. मी बटाटे सोलणारा साधा शिपाई. जे केलं ते लिहिलंय."

"आणि तुझ्या शिव्या?"

"त्यापण राहू देत. त्याच तेवढ्या चांगल्या जमल्यात."

पाच वह्या होत्या. रशियातला चिखल, उवा, गोठून काळी पडलेली बोटं, मेलेल्या घोड्याचं सूप. रोज सकाळी कॉफी प्यायची आणि दहा पानं काढायची. लिहितो बरं मेला, असं वाटायचं. पाचव्या वहीत तो जखमी होऊन आपल्या गावी परतला आणि गस्तीच्या तुकडीत लागला. पंचेचाळीस सालचा एप्रिल, महायुद्ध संपत आलेलं. तिथं माझा हात जरा थबकला, कारण त्याच एप्रिलमध्ये माझा भाऊ मेला.

कास्पर एकोणीस वर्षांचा होता. पलटणीतून पळून आला आणि वरच्या कुरणातल्या गवताच्या कोठारात लपला. आईला ठाऊक होतं आणि मला. एका सकाळी गस्तीवाल्यांनी त्याला खाली आणलं आणि लाकडाच्या गिरणीच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. बूटसुद्धा घालू दिले नव्हते.

कुणी सांगितलं, हे गावाला लगेच कळलं. सेफानं. शेजारच्या मळ्यावर कामाला होती, विशीतली. त्या सकाळी तिनं विहिरीवर गस्तीवाल्यांना पाणी दिलं आणि हात वर करून काहीतरी दाखवलं. ते मी खिडकीतून पाहिलं होतं, आणि सेफानंच सांगितलं, असं मीच पहिल्यांदा ओरडले. आई चर्चच्या पायऱ्यांवर तिच्या तोंडावर थुंकली. ठरलेलं लग्न मोडलं तिचं. तिच्या कोंबड्यांची अंडी आमच्या गावात कुणी घेत नाही, अजून. अडतीस वर्षं ती एकच म्हणतेय, मी रस्ता दाखवला, कास्परचं काही बोलले नाही. आणि अडतीस वर्षं मी तिच्याकडे पाठ फिरवतेय.

एंगेलबर्टनं लिहिलं होतं:

"कास्परच्या बहिणीनं माझ्याजवळ पाव आणि डुकराच्या मांसाचा तुकडा दिला. म्हणाली, तो वरच्या कोठारात आहे, तेवढं पोचव. मी पोचवलं. उतरताना गस्तीच्या नायकाला सांगितलं. मला चार दिवसांची रजा मिळाली. सेफाचा यात काहीही संबंध नाही. गाव तिला छळत राहिलं आणि मी बघत राहिलो."

पाव मी दिला होता. माझा पाय मुरगळला होता, चढण चढवत नव्हती, हे खरं. पण ते निमित्त झालं. गस्तीत असला तरी मला एंगेलबर्ट आवडायचा. माझ्याकडे केवढं गुपित आहे, हे त्याला दाखवायचं होतं मला. बाई, बाई! आणि पुढं हे मला कधी आठवलंच नाही असं थोडंच आहे? आठवायला लागलं की मी सेफाचं नाव घ्यायची. मग बरं वाटायचं.

त्याच आठवड्यात सेफा माझ्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"एंगेलबर्ट त्या दिवसांचं लिहितोय म्हणे. कास्परचं आहे का गं काही त्यात?"

"का? तुला काय करायचंय?"

"मला माहीत आहे मी काय केलं नाही ते. पण लोकांना कळायला हवं. अठ्ठावन्न वर्षांची झाले, बुर्गी. निदान मला पुरायला तरी चार माणसं यावीत."

"अजून तिथवर पोचले नाही," मी म्हटलं आणि दार लावलं.

आई मेली तेव्हा तिच्या तोंडात सेफाला शाप होता. आता गावाला काय सांगू? की तो शाप माझ्या वाट्याचा होता? मी वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. मागचं वाक्य पुढच्या वाक्याला नीट जुळवून दिलं. त्यात मी हुशार आहे.

"ते पान आलं ना?" एंगेलबर्टनं विचारलं.

"जसंच्या तसं."

"गाव मला फाडून खाईल."

"खाऊ दे की," मी म्हटलं.

पुस्तक निघालं. जिल्ह्याच्या पेपरात आलं, साध्या सैनिकाची प्रामाणिक आठवण, प्रत्येकानं वाचावी. वाचनालयानं ते 'जरूर वाचा'च्या टेबलावर मांडलं. दोन आठवड्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात त्याचा सत्कार झाला. बँडवाले आले, टोपीत पिसं खोवलेले म्हातारे सैनिक आले. एंगेलबर्ट पुढच्या खुर्चीत थरथरत बसला होता. मी त्याचा कोपर धरून उभी होते.

माणसं एकेक करून त्याचा हात हातात घेऊ लागली. "शाब्बास रे! खरं लिहायला छाती लागते."

त्यानं मला खाली ओढून कानात विचारलं. "बुर्गी, यांनी वाचलंय ना?"

"वाचलंय."

"सगळं?"

"सगळं."

"आणि तरी?"

"तरी."

त्याचे आंधळे डोळे वाहायला लागले. सगळ्यात शेवटी सेफा आली, पुस्तक छातीशी धरून. तिच्यासाठी कुणी वाट सोडली नाही, ती भिंतीकडून आली.

"दोनदा वाचलं, एंगेलबर्ट. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. चांगलं लिहिलंस."

आवाज ओळखून तो खुर्चीतून उठायला धडपडला. तिचा हात त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला. "सेफा! वाचूनसुद्धा तू आलीस? मला माफ केलंस?"

"माफ? कशाबद्दल?"

"ऐकलंस, बुर्गी?" तो हमसून रडायला लागला. "म्हणते, कशाबद्दल! देवमाणूस आहे ही, देवमाणूस!" पुढं त्याला बोलवेना. तिचा हात त्यानं कपाळाला लावून धरला.

सेफानं माझ्याकडे पाहिलं. "हा काय म्हणतोय गं?"

बँड थांबला होता. अख्खं सभागृह आमच्याकडे बघत होतं. एक वाक्य, बस. तिथं सगळे होते, ज्यांनी ऐकायला हवं ते एकूण एक सगळे.

"म्हातारा झालाय," मी म्हटलं. "रशियात मेलेल्यांची माफी मागत फिरतो. दिसेल त्याला मागतो."

सेफानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी, उगी. केली माफ." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कास्परचं काहीच नाही बघ त्यात. मला उगाच आशा लागली होती."

"हो ना," मी म्हटलं.

ती कोट घालून दाराकडे निघाली. ती जवळून जाताना बायकांनी आपापले घागरे आवरून घेतले. मीही घेतला.