स्क्रीनला हात लावायचा नाही

अंधेरीच्या त्या कंपनीत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनायचं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त हर्षद परबने एकट्याने लिहिलं होतं. एक दिवस वरून फर्मान निघालं, सगळं आता रिअ‍ॅक्ट या नव्या तंत्रात पुन्हा लिहायचं. हर्षद आणि त्याच्या शेजारी बसणारी अस्मिता, दोघांनाही शिकायला बसवलं. अस्मिताला ते लवकर उमगलं. पन्नाशीला टेकलेल्या हर्षदचं घोडं पहिल्याच गोष्टीवर अडलं.

“पेशंटचा बेड बदलला की मी स्क्रीनवरचा तो नंबर शोधतो आणि बदलतो,” तो म्हणाला. “यात चुकलं काय?”

“इथे स्क्रीनला हात लावायचा नाही रे,” अस्मिता म्हणाली. “मागची माहिती, म्हणजे स्टेट, तेवढी बदलायची. स्क्रीन आपली आपण बदलते.”

“आणि नाही बदलली तर?”

डबा खाताखाता ती रोज समजवायची. तो मान डोलवायचा आणि जागेवर जाऊन पुन्हा जुन्याच वळणाने लिहायचा.

मॅनेजर केयूरने तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “हर्षदला जमेल का? खरं सांग.”

“वेळ लागेल त्याला,” ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण ‘मी शिकवते ना’ हे पुढचं वाक्य तोंडापर्यंत येऊन तिथेच राहिलं.

त्याच आठवड्यात केयूरने हर्षदकडून राजीनामा लिहून घेतला. त्याचं काम अस्मिताकडे आलं.

महिन्याभराने त्याचा फोन आला. “वाकोल्याला एका ठिकाणी इंटरव्ह्यू आहे. रविवारी घरी येशील? एक गोष्ट अडलीय.”

ती भांडुपला गेली. हर्षदच्या बायकोने, वसुधाने, चहा ठेवला. हर्षदने सरावासाठी बेडची छोटी यादी बनवली होती. बटण दाबलं तरी स्क्रीन जशीच्या तशी.

“यादी जागच्या जागी बदललीस,” अस्मिता म्हणाली. “रिअ‍ॅक्टला वाटतं, ही जुनीच आहे. नवी प्रत कर, तिच्यात बदल कर, मग ती दे.”

त्याने तसं लिहिलं. बटण दाबलं. नंबर बदलला. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा.

“वेळ लागतो मला,” तो म्हणाला, “पण जमतं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रीनवरून नजर हलवत नव्हता. “सही घेताना केयूरने सांगितलं मला, तू काय म्हणालीस ते.”

“हर्षद, मी...”

“प्रॉप्सचं राहिलंय. तेवढं सांग.”

तिने सांगितलं. आईबापांनी दिलेलं मुलाने वापरायचं, बदलायचं नाही, तसं प्रॉप्सचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या वरच्या भागाकडून खाली आलेल्या माहितीचं. तो मन लावून ऐकत होता, मधेच शंका विचारत होता. वसुधाने जेवायला थांबायचा आग्रह केला. ती थांबली नाही.

इंटरव्ह्यूत हर्षदला सगळी उत्तरं आली. नोकरी मात्र त्याच्या निम्म्या वयाच्या मुलीला मिळाली. अस्मिताने केलेले फोन त्याने उचलले नाहीत. इंटरव्ह्यूचं सगळं वसुधाने कळवलं, तेही अस्मिताने तिला ऑफिसातून फोन लावला तेव्हा.

“लॅपटॉपला हातही लावत नाहीत आता,” वसुधा म्हणाली. “पण तुम्ही आलात ना, त्या रात्री नीट झोपले होते.”

अस्मितासमोर हर्षदचा उरलेला कोड उघडा होता, आणि केयूरला तो संध्याकाळपर्यंत काढून टाकलेला हवा होता.