काचमावशीची खोली

विज्ञानाच्या कामात कोण माणसं आहेत, ती दिवसभर करतात काय, हे पाहायला पाहणीवाल्या बाई एका प्रयोगशाळेत तीन आठवडे ठाण मांडून होत्या. फॉर्मात रकाने चारच: शास्त्रज्ञ, अभियंता, तंत्रज्ञ आणि इतर.

"प्रयोग फसला की आधी कुणाला विचारता?" या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर लिहून दिलं: विभागप्रमुखांना. पण बाईंची नजर काही कागदावरच खिळलेली नव्हती. ज्याचा प्रयोग फसे, तो प्रमुखांच्या दारावरून गुपचूप पुढे जाई आणि टोकाच्या भांडी धुण्याच्या खोलीत शिरे. तिथे असं काय आहे? चौथ्या दिवशी बाईंना राहवेना, त्याही गेल्या.

आत काचमावशी होती. बावीस वर्षं प्रयोगाची काचभांडी धुणारी. फॉर्माच्या हिशेबात ‘इतर’. समोर एक तरुण संशोधिका तोंड पाडून उभी.

"मावशी, आकडे तिसऱ्यांदा चुकले हो!"

मावशीने तिच्या हातातलं बीकर पाण्याने भरून रिकामं केलं, खिडकीशी धरलं. "बघ, पाणी सलग पसरत नाही, थेंबाथेंबाने तुटतंय. काच तेलकट राहिलीय. घाईत तूच विसळलंस ना?"

पोरीने जीभ चावली. स्वच्छ बीकर घेऊन गेली आणि दुपारी आकडे जुळल्याचं नाचत सांगून गेली.

"मावशी, तुमच्याबद्दल पाहणीत कुणीच कसं लिहिलं नाही?" बाईंनी विचारलं.

"भांडी घासणारीचा सल्ला घेतो असं कोण कबूल करणार? आणि मला तरी कुठे फॉर्म दिलात तुम्ही?"

बाई ओशाळल्या. ‘इतर’ नुसते मोजायचे होते, विचारायचं त्यांना काही नव्हतंच. त्या स्टूल ओढून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत विचारत राहिल्या. वहीची पानं भरत गेली.

निघताना मावशीनेच विचारलं, "हे कागद तुमच्या कचेरीत गेल्यावर पुढे काय होतं?"

"संगणकात भरतात."

"कोण?"

नऊ वर्षांत बाईंनी शेकडो फॉर्म खाली पाठवले होते, पण ते भरणाऱ्याला कधी पाहिलं नव्हतं.

पाहणी संपल्यावरच्या सोमवारी त्या कचेरीत आल्या, पण आपल्या टेबलाकडे न जाता जिना उतरून तळघरात गेल्या. कागदांच्या चळतीआडून जाड चष्म्याचे एक गृहस्थ दचकून उठले, "काही चुकलं का, मॅडम?"

"चुकलं नाही हो," बाई म्हणाल्या, "जरा बसू का? तुमचं काम बघायचंय."

गृहस्थांनी दुसऱ्या खुर्चीवरचा ढीग लगबगीने उचलला आणि आता तो ठेवावा कुठे, म्हणून इकडेतिकडे पाहू लागले.