लाभाचं माप

सत्तावन्न साली चिंचवड स्टेशनापलीकडे विजेची बटणं बनवणारा एक छोटा कारखाना होता. बॅकेलाइटची काळी भुकटी साच्यात भरायची, तापवून दाबायची, बटण तयार. दाबणारा ज्योतीराम परभणीकडचा. हिशेब ठेवणारे उद्धवराव पुण्याचे, बी.कॉम. त्यांनी पुस्तकातून नवी रीत आणली होती. माल किती लागायला हवा आणि किती लागला. कोणत्या भावाने यायला हवा आणि कोणत्या भावाने आला. या फरकांना व्हेरियन्स म्हणत. मॅनेजरसाहेबांना शब्द फार आवडला.

त्या महिन्यात भावाचा फरक कंपनीच्या बाजूने पडला, खरेदीवाल्याला चहा मिळाला. वापराचा फरक उलटा पडला. एका घाण्याला दहा मापं भुकटी ठरलेली, लागत होती अकरा.

"ज्योतीराम माल वाया घालवतो," मॅनेजरसाहेब म्हणाले. "शनिवारी काढून टाका."

ज्योतीराम उद्धवरावांच्या टेबलाशी आला.

"राव, भुकटी काय मी भाकरीसंगं खातो का? कोठारातला मुरारी देतो तेवढी घालतो. जास्तीची साच्याच्या कडेनं बाहेर येते, ती कानसून फेकतो. आत्ताच बायकापोरं गावाहून आणलीत. काय सांगू त्यांना?"

"बघतो," उद्धवराव म्हणाले. असं म्हणायची पद्धत आहे.

ते कोठारात गेले. चाकणकडच्या खेड्यातला मुरारी डब्याने भुकटी मोजत होता. "लाभ... येक... दोन..."

"थांब. पहिलं माप लाभ, मग दुसऱ्याला दोन म्हणायचं ना? आमची आई धान्य तसंच मोजते."

"तुमच्यात आसंल. आमच्यात लाभ येगळा. त्यो देवाचा, त्येला मोजीत न्हाईत."

"अरे, हा कारखाना आहे."

"मंग? कारखान्याला लाभ नगं व्हय?"

उद्धवरावांनी महिन्याचे सगळे लाभ ठरलेल्या भावाने गुणले. फरक पैशाला पैसा जुळला. कंपनीच्या हिशेबात लाभ तेवढा एकाच जागी सापडला, तोही तोट्यात.

त्यांनी मॅनेजरसाहेबांना सांगितलं.

"मुरारीला सांगा, लाभ बंद. दहा म्हणजे दहा."

"आणि ज्योतीराम?"

"त्याचं पत्र झालंय. मालकांनाही कळवलंय. आता चूक त्याची नाही म्हणायची, तर कोणाच्या नावावर टाकायची? तुमच्या?"

पुस्तकात हे उदाहरण सोडवलेलं नव्हतं. उद्धवराव आपल्या जागेवर येऊन बसले.

शनिवारी ज्योतीराम आला.

"बघितलं का राव?"

"बघितलं. चूक मोजण्यात होती. तुझी नव्हती."

"मी म्हणलंच होतं!" तो हसला. "मग सोमवारी येऊ ना?"

उद्धवरावांनी पत्र पुढे केलं. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. ज्योतीरामने पत्राकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि सही केली.

पुढच्या महिन्यात वापराचा फरक शून्य आला. मॅनेजरसाहेबांनी तो कागद मालकांपुढे ठेवला. "बघा, माणूस काढला, फरक गेला."

मालकांनी नव्या रीतीचं कौतुक केलं आणि उद्धवरावांना विचारलं, आकडे बरोबर आहेत ना?

आकडे बरोबर होते. उद्धवराव तसं म्हणाले.