विधवांनी ओलांडायची काठी

‘काठी खोटं बोलत नाही, आणि काठीला प्रश्न विचारायचा नसतो.’ झिंबाब्वेतल्या बुहेराकडच्या आमच्या गावात नवी सून आली की तिला सगळ्यात आधी हे शिकवतात. ती काठी म्हणजे मी.

मूळची मी मोपानीच्या झाडाची फांदी. या घरच्या ग्वातिझोच्या आजोबांनी मला तोडलं, टोकाची गाठ तासून गोल केली, चरबी चोळून काळीभोर केली. माझ्याकडून गुरं हाकली, साप मारले. तेवढ्यावर भागलं असतं तर मी सुखाने झिजले असते. पण घरातला पुरुष गेला, की वर्षाने नाचणीची बियर गाळतात, त्याचा आत्मा घरी आणतात आणि मला अंगणात आडवी टाकतात. विधवेने मला ओलांडायचं. वर्षभर ती इमानी राहिली असेल तर सुखरूप पलीकडे जाते. नसेल, तर मी म्हणे तिला अडवते.

मी! एक लाकूड!

एकदा ग्वातिझोची काकू माझ्यावरून जाताना अडखळली. तिचा गुडघा जन्माचा अधू. “काठी बोलली!” म्हातारे ओरडले. दिवस मावळायच्या आत तिला माहेरी हाकललं, पोरं ठेवून घेतली. मी काहीच बोलले नव्हते. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी शिव्याच हासडल्या असत्या.

ग्वातिझो खाणीत दगावला, त्याचा वर्षविधी काल झाला. त्याची बायको मुचानेता काळ्या कपड्यांत उभी होती. मी तिच्या पायाशी. दीर मुरंबिवा स्टूल पुढे सरकवून बसलेला. ओलांडून झालं की मला उचलून ती ज्या दिराच्या हाती देईल, त्याची ती बायको. पेरणीच्या दिवसांत याच मुरंबिवाने तिचं दार ढकललं होतं, आणि तिने मलाच उगारून त्याला पिटाळलं होतं. हे मला ठाऊक आहे. त्याच्या खांद्यालाही.

“चल गं, मार उडी!” जोसामु ओरडला. तो घराचा मानाचा मित्र, विधीत कुणाचीही टर उडवायची त्याला मुभा. “बेडकालासुद्धा जमतं!”

सगळे खिदळले. मुचानेता जागची हलली नाही.

“मी नाही ओलांडणार.”

“म्हणजे कबूल करतेस?” सासूचा आवाज चढला. “घर, शेत, पोरं, सगळ्यावर पाणी सोडतेस?”

“कबूल काही नाही, सासूबाई. मी स्वच्छ आहे, आणि ओलांडणार नाही. आज मी ओलांडलं, की उद्या माझ्या पोरीपुढे हीच टाकाल.”

“वाडवडिलांपेक्षा शहाणी झालीस?” मुरंबिवा गुरगुरला.

“भावोजी, तुमची बायको गेली तेव्हा तुम्ही काय ओलांडलंत? महिन्याभरात बाजारात नवी शोधत होतात की! आणि पोरं माझी आहेत. नेऊन दाखवा.”

सासूने बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. तरुणपणी तीही माझ्यावरून गेली होती, दोन्ही हातांनी लुगडं घट्ट धरून. तीही स्वच्छच होती.

बायांनो, मला उचला आणि बियरच्या चुलाणात घाला, असं ओरडावंसं वाटत होतं. मुचानेताने पोरीचा हात धरला आणि ती मला वळसा घालून आपल्या घराकडे चालू लागली.

सासू तिच्या वाटेतून बाजूला सरली.