हंड्यावरची तारीख

"आई, खोटं बोलू नकोस. हंड्यावर तारीख आहे."

चैतालीने चिंचेने घासून लख्ख केलेला पितळी हंडा मोरीतून उचलला आणि थेट ओट्यावर आणून ठेवला. काठाखाली अक्षरं कोरलेली होती : 'कारभारी गायखे यांचे लग्नानिमित्त नळखाते मित्रमंडळाकडून सप्रेम भेट. दि. २३-५-७८.'

"म्हणजे येत्या तेवीस मेला पंचवीस वर्षं होतात. आणि तू म्हणतेस, नक्की आठवत नाही! लोक काय काय साजरं करतात, आणि तुम्ही दोघं म्हणजे अगदी हे."

'हे' म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. पर्समधून सहलीची पावती काढून आईच्या हातात दिली. केरळ, आठ दिवस, नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस, थेक्कडीच्या जंगलात दोन मुक्काम. "बारा महिने हिरवंगार असतं म्हणे ते जंगल. पानगळ नाहीच." पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या पोरीने आपली बचत त्यात घातली होती, आणि आईचा चेहरा कधी फुलतो म्हणून ती वाट बघत उभी होती. आई हंड्याकडेच बघत राहिली.

तारीख खरी होती. फक्त ती तिच्या लग्नाची नव्हती.

तिचं कागदावरचं नाव वत्सला. माहेरी, सिन्नरकडच्या खेड्यात, ती नवसा. आपण तिला नवसाच म्हणू. तसं म्हणणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. तेवीस मे अठ्ठ्याहत्तरला कारभारीशी लग्न झालं ते तिच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. सासरी आक्काचं नाव वत्सला ठेवलं. दीड वर्षाने चैताली झाली, आणि पोर चार महिन्यांची असताना आक्का काविळीने गेली. मग दोन्ही घरचे जाणते एकत्र बसले. पोरीला परकी आई नको, मावशीच बरी, असं ठरलं. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणून सगळे मोकळे झाले. नवसाला नुकतंच अठरा सरलं होतं. तिला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतही नव्हती.

ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, "पोरीच्या दाखल्यावर आईचं नाव वत्सला हाय. तेच राहू द्या. उगा कागद कशाला बदलायचे?" नवऱ्यामुलाने मान खाली घालून तांदळात तेच नाव गिरवलं. पोरीला हे कधी कळू द्यायचं नाही, अशी देवासमोर शपथ झाली, आणि नवल म्हणजे सगळ्यांनी ती पाळली. आजोळ तेच, आजी तीच, मामा तेच. शंका यायला जागाच कुठे होती? चैतालीच्या लेखी आक्का म्हणजे तरुणपणी गेलेली एक मावशी, जिचा घरात साधा फोटोही नाही. शपथेचा एक जाच असा झाला, की सख्ख्या बहिणीसाठी नवसाला कधी पोटभर रडताही आलं नाही.

तिचं स्वतःचं लग्न झालं सव्वीस जून एकोणीसशे ऐंशीला, गुरुवारी, देवळात, बँडबाजाशिवाय. ती तारीख कुठल्याच भांड्यावर नव्हती.

कारभारी महापालिकेत व्हॉल्व्हमन. पहाटे पाचला लांब लोखंडी चावी सायकलला बांधून निघायचा आणि सिडकोतल्या तीन कॉलन्यांना पाणी सोडायचा. माणूस सालस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, बायकोवर कधी हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवला नाही. पण बोलणं कसं, तर उन्हाळ्यातल्या नळासारखं. तेवीस वर्षांत त्याने नवसाला नावाने हाक मारली नव्हती. 'चैतालीची आई', नाहीतर नुसतं 'अगं'. तांदळात गिरवलेलं नाव त्याच्या तोंडून निघत नाही, हे तिला पहिल्या महिन्यातच उमगलं होतं; आणि तिचं खरं नाव त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. दरवर्षी तेवीस मेला तो दुपारी जेवायला घरी येत नसे. सव्वीस जूनला येई, नेहमीसारखा, आणि पानात आज गोड कशाबद्दल हे न विचारता खाऊन उठे.

तेव्हा हा गृहस्थ सहलीला 'नाय' म्हणणार, याबद्दल नवसाला तिळमात्र शंका नव्हती. त्याने चष्मा लावून पावती वाचली, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "जाऊ की."

त्या 'जाऊ की'वर नवसा महिनाभर जगली. इतक्या लांब, जिथे ना पोरगी, ना शेजारपाजार, ना शपथ, तिथे हा माणूस एकदा तरी म्हणेल, 'ही काही आपली तारीख नाय, नवसा. आपली सव्वीस जून.' एवढंच. यापलीकडे तिला काही नको होतं. चाळिशी उलटलेल्या बाईने असली आस धरावी याची तिला लाजही वाटे, पण आस काही सुटेना.

गाडीत तो खिडकीपाशी बसून राहिला. मधूनच म्हणायचा, "टाकी बघ केवढी!" कोकण सरलं, कर्नाटक सरलं, त्याने अशा अकरा टाक्या दाखवल्या. ती प्रत्येक वेळी वाकून बघत होती.

थेक्कडीचं जंगल तिला काही मानवलं नाही. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलावर शेवाळ. भर दुपारीही खाली दिवेलागणीसारखा अंधार. धुतलेलं लुगडं दोन दिवस वाळेना. सगळीकडून पाणी ठिबकत होतं, आणि पाऊस तर पडत नव्हता. आपल्याकडे कसं, पानं झडतात, झाड मोकळं होतं, मग नवी पालवी येते. इथे कशाचा शेवटच होत नव्हता. तिचा जीव कोंडला.

तेवीस तारखेला चारच्या चहाला हॉटेलच्या जेवणघरात केक आला. सहलीचा व्यवस्थापक बुद्धभूषण म्हणजे हौसेचा माणूस. त्याने सगळ्या नाशिककरांना गोल बसवलं आणि जाहीर केलं, "गायखे काकांची आणि वत्सलाकाकूंची पंचविशी! पण उखाण्याशिवाय केक नाही. आधी काका!"

कारभारी नको नको म्हणत उठला. पंचवटीच्या निवृत्त शिक्षिका विमलाबाई टाळ्या वाजवू लागल्या. नवसाने पदर सावरला.

"गंगापूरच्या धरणाला दरवाजे नऊ," कारभारीने सुरुवात केली. सगळे हसले. तोही हसला. "वत्सलाचं नाव घेतो…"

आणि तो तिथेच अडला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. डोळे भरून वाहू लागले आणि तो रुमाल शोधत खिसे चाचपू लागला.

"केक सारे खाऊ!" बुद्धभूषणने वेळ मारून नेली. हशा झाला, टाळ्या झाल्या. विमलाबाईंनी नवसाचा हात दाबला. "नशीबवान आहात हो! काय जीव आहे माणसाचा तुमच्यावर!"

नवसाने हे नाव त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. ते कुणाला उद्देशून होतं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. तिला आक्काचा मत्सर वाटला, आणि त्याच क्षणी आक्काची इतकी आठवण आली की तिलाही हुंदका फुटला. लोकांना वाटलं, कौतुकाने रडते आहे. तिला चांगले चाळीस उखाणे येत होते. "मला नाही येत," ती म्हणाली, आणि केकचा तुकडा तिने नवऱ्याच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना जंगलात पायी फिरायला नेलं. जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत जाड कापडी मोजे दिले होते. नवसाने ते लुगड्याखाली कसेबसे बांधले. बाकीची मंडळी वाटाड्याबरोबर पुढे गेली. कारभारीचे गुडघे दुखत, म्हणून ही दोघं मागे पडली.

"काल तमाशा झाला," शेवटी तो म्हणाला.

"असू द्या. लोकांना काय कळतंय?"

"ती गेल्यापासनं ह्या तारखेला कुनी माझं तोंड गोड केलं नव्हतं. तू केलंस." तो थांबून झाडाला टेकला. "तुझ्यापुढं तिचं नाव काढायची चोरी वाटायची गं. तुला वाईट वाटंल म्हनून."

"माझी बहीणच होती की ती."

"व्हय. ते इसरायलाच झालं."

आणि मग तो बोलायला लागला. आक्का पालीला कशी भ्यायची, रात्री मोरीत एकटी जायची नाही, पहिल्या दिवाळीला तिने केलेल्या करंज्या तेलात कशा फुटल्या. नवसा म्हणाली, "तिला भाकरीबी येत नव्हती. माहेरी तिच्या वाटणीच्या मीच थापायचे, आणि ती आईला सांगायची, मी केल्या!" तो खदखदून हसला. असा हसताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिलाही मोकळं वाटलं. आक्काचं नाव तोंडभरून घ्यायला तिला तरी दुसरं कोण होतं? अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, तो बोलतच होता. हा माणूस इतकं बोलू शकतो, हे तिला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

ओहोळापाशी तो दम खायला थांबला.

"आपलं कधी झालं गं?" त्याने सहज विचारलं. "तारीख काय ध्यानात ऱ्हायली नाय. पाऊस मात्र लय होता त्या दिवशी, तेवढं याद हाय."

त्या दिवशी पाऊस नव्हता. मृग कोरडा गेला होता आणि देवळासमोर भोवऱ्यासारखी धूळ उठत होती. अक्षतांबरोबर ती नवसाच्या डोळ्यांत गेली होती, आणि नवरी रडते म्हणून बायका तिची समजूत काढत होत्या.

तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा कसा धुतल्यासारखा दिसत होता.

"लय पाऊस होता," नवसा म्हणाली. "तारीख माझ्याबी ध्यानात नाय."

"बघ!" तो म्हणाला. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. मग आक्काचं राहिलेलं सांगत तो पुढे चालू लागला. पायवाट एका माणसापुरतीच होती. नवसा त्याच्या मागून, त्याला ऐकू जाईल अशा बेताने हुंकार देत चालली.