आधी बारीक आवाज जातात

रईसा माझ्यावर रुसून गेली, हे मी दोन वर्षं मनात धरून बसलो होतो. बाकीचं पचवलं. एकट्याने जेवणं, सणाला शेजाऱ्यांनी पाठवलेला डबा एकट्याने उघडणं, सगळं. पण चाळीस वर्षं संसार केलेली बायको शेवटची तीन वर्षं अबोला धरून राहिली, हे काही घशाखाली उतरत नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं. सावद्याला तिच्या भाचीचं लग्न होतं आणि मी गेलो नाही. अमळनेरात माझं गाद्या भरायचं दुकान. थंडीच्या तोंडावर लोक रजयांसाठी डोक्यावर बसतात, तेव्हा कापूस पिंजायचं मशीन बंद ठेवून लग्नात कोण मिरवणार? ती एकटी जाऊन आली. तेव्हापासून तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. ओट्याशी पाठमोरी उभी राहायची, वळूनही बघायची नाही. म्हटलं, राहा. मीही काही कमी नाही. तिने एक शब्द कमी केला की मी दोन करायचो. मग तिला तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि आठव्या दिवशी ती गेली.

परवा तेल मिलमधला जुना दोस्त पंडित दुकानात तणतणत आला.

"नजीरभाऊ, मनी सून दोनदा सांगी गई. तू मान हालाई. गादी कोठे शे?"

"तुझी सून तोंडातल्या तोंडात बोलते," मी म्हणालो. "आजकालच्या बायकांना तोंड उघडायला जड जातं."

"तुले ऐकू येस का नही? चाल, कान दखाडी येऊत."

शाळेत कान तपासायचा कॅम्प होता. नाही म्हटलं तर पंडित हात सोडेना. तिथे दिपमाला नावाची धुळ्याची मुलगी होती. तिने कानांवर डबडी चढवली आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. जाड आवाज आले, मी दाबलं. मग काहीच येईना. मी बसून राहिलो, शेवटी ओरडलो, "तुझं मशीन बंद पडलंय, बाई!"

"चालूच आहे, चाचा," ती म्हणाली. तिने कागद दाखवला. त्यावरची रेघ उजवीकडे एकदम खाली घसरली होती.

"पण पंडितचं सगळं ऐकू येतं. ट्रकचा हॉर्न येतो. मी बहिरा कसा?"

ती समोर येऊन बसली, आवाज जाड केला आणि सावकाश बोलली. "कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात अगदी बारीक केस असतात, ते आवाजाने हलतात. नळीच्या तोंडाशी असलेले केस बारीक, चिरके आवाज पकडतात, आतले जाड आवाज. पण आवाज कुठलाही असो, जातो तोंडावरूनच. म्हणून तिथले केस आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यात तुमचं आयुष्य मशीनशेजारी गेलं."

"उंबऱ्याजवळची सतरंजी आधी विरते, तसं."

"तसंच. म्हणून बायकांचे, मुलांचे आवाज आधी जातात. माणसाला वाटतं, मला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. समोर तोंड दिसलं तर निभावतं. पाठ केली की काही कळत नाही."

"हे कधीपासून असेल?"

"एका दिवसात होत नाही, चाचा. सहा-सात वर्षं तरी."

सहा-सात वर्षं. ती कानात घालायच्या मशीनची चिठ्ठी लिहीत होती, पण माझं लक्ष नव्हतं. पाठ केली की काही कळत नाही. मी चिठ्ठी खिशात कोंबली आणि तसाच एसटी स्टँडवर जाऊन धुळ्याची गाडी पकडली. धुळ्याला माझी मुलगी मिसबाह असते. आईच्या शेवटच्या वर्षात तीच बाळंतपणाला माहेरी होती.

मी तिला समोर बसवलं. "खरं सांग. तुझी अम्मी माझ्याशी बोलत होती का?"

मिसबाह बघतच राहिली. "म्हणजे काय, अब्बा? रोज बोलायची. ओट्याशी उभी राहून दिवसभर बोलायची. तुम्हीच काही बोलायचा नाहीत."

"मग मी बोलत नाही, याबद्दल ती काही म्हणाली नाही?"

मिसबाहने मान खाली घातली. मी तिची हनुवटी वर केली, तोंड दिसल्याशिवाय मला कळणार नव्हतं.

"म्हणायची, तुझे अब्बा माझ्यावर रुसलेत. लग्नाला एकटी गेले ना, त्याचा राग धरलाय. मी विचारते, ते उत्तर देत नाहीत."

मला रडू आलं. लेकीसमोर रडलो, लाज वाटली नाही. दोघंही एका घरात तीन वर्षं एकटे राहिलो, आणि भांडण तर झालंच नव्हतं.

"काय विचारायची ती?"

"काय विचारणार, अब्बा? संध्याकाळी भाजी कोणती करू, एवढंच."

"गिलक्यांची," मी म्हणालो.

मिसबाहला वाटलं, मी तिलाच सांगतोय. ती उठली आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. मी तिला थांबवलं नाही.