चार लाखांचा कागद

दादा चिडला की आधी ताट उडायचं आणि मग हात. त्या रविवारी सकाळी दोन्ही एकदमच उडाले.

भांडण पैशावरून होतं, दुसरं कशावरून असणार! वडील कामावर असतानाच गेले, त्यांच्या मागे आलेले चार लाख आईच्या खात्यात पडून होते. दादा वेल्डर. दुसऱ्याच्या दुकानात गेटं नि ग्रिलं जोडून, मालकाच्या शिव्या खाऊन त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्याला स्वतःचं मशीन आणि छोटासा गाळा हवा होता. धाकटी बहीण एका दवाखान्यात मदतनीस. इंजेक्शन, ड्रेसिंग, रक्त काढणं, सगळं तीच करायची, पण शिक्षण नाही म्हणून पगार झाडूवालीपेक्षा जेमतेम बरा. तिला मेडिकल असिस्टंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा होता. फी चार लाख, आणि भरायचा शेवटचा दिवस सोमवार.

"आज तुला बारा हजार मिळतात," दादा बोटांवर मोजत म्हणाला. "डिप्लोमानंतर अठरा. म्हणजे वर सहा. त्यासाठी चार लाख घालायचे, शिवाय दोन वर्षं पगारावर पाणी. वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, बाई! तोवर मी काय लोकांची गेटंच जोडत बसू?"

हिशेब बरोबर होता, हेच तर दुखणं. चुकीचा असता तर धाकटीनं हसण्यावारी नेला असता. बरोबर होता म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काम सगळं येतं मला! डिप्लोमावाल्या दोघी आहेत ना, त्यांना शीर सापडली नाही की मलाच हाका मारतात. नाहीये तो फक्त कागद."

"मग चार लाख कागदाचे मोजायचे?"

"तुझ्या भंगारात घालण्यापेक्षा बरे!"

झालं. ताट भिंतीवर आपटलं आणि दादाची थप्पड तिच्या कानाखाली. कान सुन्न झाला, ओठ फुटला. दुसरी कुणी असती तर रडत कोपऱ्यात बसली असती. ही कसली बसतेय! तिनं स्टूल उचललं आणि त्याच्या नडगीवर हाणलं. तो कळवळला, त्यानं तिची वेणी धरून तिला फरफटत कपाटापाशी नेलं. ती त्याच्या दंडाला कडकडून चावली. आई मध्ये पडली तर तिलाही धक्का बसला आणि ती खाटेवर कोसळली. "अरे, जीव घ्याल एकमेकांचा!" आई ओरडत होती, पण ऐकतंय कोण? दोघांच्याही डोक्यात राख गेलेली.

दादानं मूठ उगारली. धाकटी खाली वाकली. मूठ कपाटाच्या काचेतून आरपार गेली.

त्यानं हात ओढून काढला तो काचेच्या धारेवरून. मनगट उभं चिरलं. रक्त वाहिलं नाही, उडालं. भिंतीवर, आईच्या पातळावर, धाकटीच्या तोंडावर. दादाचा राग कुठल्या कुठे पळाला. "अगं, थांबव... थांबव ना!" एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा बोलत होता.

खुंटीवरच्या धाकटीच्या दवाखान्याच्या कोटात रक्त काढताना दंडाला बांधायचा रबरी पट्टा कायम असायचा. तिनं तो काढला, कोपराच्या खाली तीन वेढे दिले, दात लावून आवळला. रक्त थांबलं. जखमेवर कापड घट्ट गुंडाळलं. तिच्या ओठातून स्वतःचं रक्त गळत होतं, तरी ती मान ताठ करून म्हणाली, "बघितलंस? आणि हे कागद नसताना!"

आई म्हणाली, "आता आधी मोठ्या हॉस्पिटलात चला."

"कशाला?" दादा म्हणाला. "दारात पाय ठेवला की पैसे कापतात ते. थांबलंय ना रक्त?"

धाकटीनं तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. पण स्वतःवरच खूश झालेलं माणूस कुठे बोलतं! "उद्या सकाळी आमचे डॉक्टर टाके घालतील, फुकटात," ती म्हणाली. "तोवर पट्टा सोडायचा नाही. सोडलास तर परत सुरू होईल."

दवाखान्यात पट्टा बांधायचा, रक्त काढायचं, पट्टा सोडायचा, क्षणाचं काम. तो सोडला नाही तर काय होतं, हे पाहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. दुपारी दादा दुखण्यानं गडाबडा लोळत होता, बोटांना मुंग्या येतात म्हणत होता. "दुखणारच, एवढं फाटलंय," असं म्हणून तिनं त्याला गोळी दिली. उलट आई पट्टा ढिला करायला गेली तर तिच्या अंगावर खेकसली. पुढे दुखायचं थांबलं. दादाला झोप लागली. धाकटीला हायसं वाटलं.

दिवेलागणीला तिनं चादर सारली. हात काळानिळा पडला होता आणि थंडगार. तिनं बोटं चिमटली, दादा जागा झाला नाही. तिनं धावत जाऊन रिक्षा आणली.

मोठ्या हॉस्पिटलात तिच्याच वयाची असिस्टंट धावत आली. पट्टा बघून तिचा चेहराच बदलला.

"हे कुणी बांधलं?"

"मी."

"कधी?"

"सकाळी."

"सकाळी?" ती ओरडलीच. "अहो, बांधला की वेळ लिहायची आणि तडक इथे यायचं! पहिल्याच वर्षी शिकवतात हे आम्हाला!"

हात कोपराखालून काढावा लागला. उजवा. शुद्धीवर आल्यावर दादानं पांघरूण फेकलं, सलाईनची नळी उपटली, लोखंडी खाटेवर डोकं आपटलं. दोन वॉर्डबॉयनी त्याला दाबून धरलं. धाकटी दाराशी उभी होती. आपल्याला त्यानं उठून तुडवावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

तो सोमवार कधीच उलटून गेला होता. हॉस्पिटलचं बिल आईनं पाटल्या मोडून भागवलं होतं. दादा तिच्याकडे बघायचा नाही. एका सकाळी ती त्याला चमच्यानं चहा पाजत होती, तेव्हा तो बोलला.

"फी घेतील का अजून?"

"दादा, नको ना..."

"विचारून बघ. दंड मागितला तर तोही भर. मशीन आता कोण चालवणार आहे?"

तिच्या चमच्यातला चहा त्याच्या छातीवर सांडला. तो चिडला नाही. डाव्या हातानं त्यानं स्वतःच पुसून काढलं.

"भर फी," तो म्हणाला. "आणि या वेळी नीट शिक."